माप

सुभाषनगरात आमच्या दारात
बारा महिने हिरड्याचा वास.
बाप रापीनं कातडं कापायचा:
पाठीचा जाड भाग तळाला,
पोटाकडचा मऊ भाग कानांना नि वेणीला,
उरलेलं वादीला,
आणि त्यातूनही जे उरेल ते कुत्र्यापुढे.
जनावर एकच.
मी विचारायची, कुणी ठरवलं हे?
दातांत धरलेली वादी न सोडता तो म्हणायचा,
"हात ठरिवतोय."

मी त्याच्या रक्ताची नव्हे, गल्लीला ठाऊक होतं.
मिशन कंपाउंडच्या मागे मुलींचं कौलारू घर होतं.
एका बेस्तरवारी शांतवन आवळे आणि सगुणाबाई
एसटीनं नव्हे, चालत तिथं गेले.
आठ पोरी ओळीत, डोक्याला चपचपीत तेल,
पाठ केलेलं गीत म्हणत उभ्या.
मी ओळीत नव्हते.
अंगभर खरूज, वर ताप,
कोपऱ्यातल्या खाटेवर झोपलेली.
बाप ओळीपुढून शेवटपर्यंत गेला
आणि खाटेपाशी थांबला.
का, ते त्याला मरेपर्यंत सांगता आलं नाही.
आई म्हणायची, तुझी पावलं पांघरुणाबाहेर होती,
चांभाराचा डोळा, पावलांवर गेला असेल.
बाप म्हणायचा, "छ्या. पावलं मागनं बगितली."

चौदाव्या वर्षी देवळात
पाळकसाहेबांनी जुळ्या भावांचा धडा घेतला.
अजून जन्मलेले नव्हते, बरं नाही, वाईट नाही,
तरी एक जवळचा, एक लांबचा.
पळणाऱ्याचं नाही, धडपडणाऱ्याचं नाही,
दया करणाऱ्याचं आहे सगळं, ते म्हणाले.
बाकावरच्या बायकांनी पदर सावरले,
जणू आपल्याच नावाची चिठ्ठी निघाली.
मला मात्र खाट आठवली.
खाट एक होती आणि आम्ही दोघी होतो.
डोक्याशी पाय करून निजायचो,
मी आणि हेमलता.

घरी येऊन बापाशी भांडले.
त्याला का नाही विचारलंस, दुसरीचं काय?
बाप कुंडातलं पाणी बघत राहिला.
त्या रात्री जेवला नाही.

मग वर्षं गेली. आई गेली.
बापाचा उजवा हात पडला,
सीपीआरच्या लांब खोलीत अठरावी खाट.
रात्रपाळीची सिस्टर त्याचे पाय पुसायची,
भेगांत मलम भरायची, नखं काढायची,
घाई नसल्यासारखी.
तिसऱ्या रात्री त्यानं डाव्या हातानं
वर्तमानपत्र ओढलं, तिला म्हणाला,
"उभी ऱ्हा पोरी. माप घितो."
पेन्सिल थरथरत तिच्या पावलाभोवती फिरली,
करंगळीपाशी अडली, पुन्हा निघाली.

नळापाशी तिनं मला गाठलं.
"तू झोपली होतीस," ती म्हणाली.
"मी जागी होते."

राग?
"होता की. बरीच वर्षं.
मग मिरजेला शिकायला गेले,
तिथं उसंत कुठली."
तिनं सुई उकळत्या पाण्यात टाकली.
"तुला उचलल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं.
नुसतं बघत उभा राहिला.
मग तुझी आई म्हणाली, चला."

माझ्या बापाला हात दोनच.
दुसऱ्यांदा वाकला असता तर मी पडले असते.
पण ज्याच्याविषयी पाळकसाहेब बोलले
त्याला हात किती?
हे मी कुणाला विचारलेलं नाही.
विचारावं तर मातीनं कुंभाराचा हात धरल्यासारखं होतं,
न विचारावं तर घास उतरत नाही.

बाप गेला त्याच्या आठवड्यानंतर
मी पेटी उघडली. आरीला गंज चढलेला.
वर्तमानपत्रावर तिचं पाऊल,
वाकडंतिकडं, करंगळीपाशी दोन रेघा.
पाठीचं कातडं घेतलं,
रापी टेकवली.
हात कुठं जाईल, मला ठाऊक नव्हतं.